सरकीचें यंत्र आणि रुपयाचें मोल

अजिंठ्याचीं लेणीं पाहावयास जाणाऱ्यांचें लक्ष पद्मपाणीच्या मुद्रेवर किंवा राजवाड्यांतील प्रसंगांवर खिळून राहतें. परंतु कापसाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या पंडितांनीं या भित्तिचित्रांत आणखी एक वस्तु हेरली आहे. इसवी सनाच्या पांचव्या शतकांतील या चित्रांत कापसांतून सरकी वेगळी काढण्याचें एकरुळी साधन रंगविलेलें असून, अशा साधनाचा तो सर्वांत जुना पुरावा मानला जातो. एक सपाट फळी किंवा दगड, त्यावर कापूस, आणि त्या कापसावरून फिरविण्याचा एक बारीक रूळ, एवढीच ती सामग्री. रूळ पुढें सरकला कीं सरकी पुढें निसटते व रुई मागें राहते. हें साधन कितीला पडलें, किती वर्षें टिकलें आणि त्यांत मालकाला काय सुटलें, हें चित्रकारानें सांगितलेलें नाहीं. सांगण्याची गरजहि नव्हती. दगड झिजला तर दुसरा दगड डोंगरांत होताच.

त्याच डोंगरांच्या दोन्ही बाजूंना आजहि कापूस पिकतो. घाटावर सिल्लोड तालुका, घाटाखालीं खानदेशची काळी जमीन. दसऱ्याच्या सुमारास वेचणीला रंग चढतो आणि गाड्या, ट्रॅक्टर व मालमोटारी यांची रांग जिनाच्या फाटकापाशीं लागते. जिनांतील यंत्र मात्र आतां फार निराळें झालें आहे. 1840 सालीं मॅकार्थी नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें चामड्याच्या रुळाचें व सुरीचें यंत्र काढलें. त्याचीच सुधारलेली दुरुळी आवृत्ति आपल्याकडील बहुतेक जिनांत चालते. चामड्याचे दोन रूळ रुईचे तंतू धरून ओढतात, त्यांस टेकलेली स्थिर सुरी सरकीला अडविते आणि हलती सुरी तिला खालीं झटकते. शंभर किलो कापसांतून साधारणपणें तेहतीस ते पस्तीस किलो रुई निघते. उरलेल्यांत मुख्य भाग सरकीचा. 170 किलोंची एक गांठ बांधावयाची तर सुमारें पांच क्विंटल कापूस रुळांखालून गेला पाहिजे.

असें नवें यंत्र घ्यावें कीं न घ्यावें, हा प्रश्न या भागांतील कित्येक कुटुंबांपुढें उभा राहतो. जिन म्हणजे बहुधा भागीदारी संस्था. दोन भाऊ, एखादा मेहुणा, एखादा जुना आडत्या असे भागीदार. यंत्र घेण्याकरितां कोणी शेतजमीन तारण ठेवतो, कोणी घरांतील सोनें बाहेर काढतो. निर्णय चुकला तर त्याची झळ जिनाच्या आवारांत थांबत नाहीं. ती मुलीच्या लग्नापर्यंत आणि मुलाच्या शिक्षणापर्यंत पोहोंचते. म्हणून हा हिशेब नेमका कसा मांडावयाचा, हें एका कल्पित उदाहरणानें पाहणें उपयुक्त ठरेल. पुढील आंकडे कोणत्याहि विशिष्ट जिनाचे नाहीत. ते केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत.

समजा, नव्या यंत्रांचा संच 20,00,000 रुपयांस पडतो. दुसऱ्यांचा कापूस मजुरीनें काढून दिल्यावर वीज, मजूर, रुळांचें चामडें व दुरुस्ती हा सर्व खर्च वजा जातां, आजच्या भावानें दरवर्षीं 5,50,000 रुपये हातांत राहतील असा मालकाचा अंदाज आहे. पांच हंगामांनंतर तें यंत्र त्या वेळच्या 6,00,000 रुपयांस विकलें जाईल. मालक अंगठ्यानें बोटांचीं पेरें मोजूं लागतो: पांच वर्षांचे साडेसत्तावीस लाख, विक्रीचे सहा लाख, एकूण साडेतेहतीस, त्यांतून वीस गेले, उरले साडेतेरा लाख. व्यवहार उत्तम! दुर्दैवानें या पेरांवरील हिशेबांत तीन गोष्टी सुटल्या आहेत. सरकारचा कर, यंत्राची झीज, आणि रुपयाची झीज.

प्रथम कर व झीज यांचा संबंध पाहूं गेल्यास असें दिसतें कीं, झीज हा खर्च खरा आहे, परंतु तो कोणाला रोख द्यावा लागत नाहीं. वीजबिल भरावें लागतें, मजुराला आठवड्याला पगार द्यावा लागतो; पण रूळ झिजल्याबद्दल यंत्र कांहीं बिल पाठवीत नाहीं. तरी कर आकारणारें खातें ही झीज मान्य करतें व तिला घसारा असें नांव देऊन उत्पन्नांतून वजा करूं देतें. भारतांत सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर घसाऱ्याचा दर शेंकडा 15 आहे, व तो मूळ किंमतीवर नसून दरवर्षीं उरलेल्या किंमतीवर मोजावयाचा असतो. त्यामुळें घसाऱ्याची रक्कम वर्षावर्षाला उतरत जाते. वीस लाखांवर पहिल्या वर्षीं 3,00,000; उरले सतरा लाख, म्हणून दुसऱ्या वर्षीं 2,55,000; तिसऱ्या वर्षीं 2,16,750; चौथ्या वर्षीं सुमारें 1,84,000 आणि पांचव्या वर्षीं सुमारें 1,57,000.

भागीदारी संस्थेच्या उत्पन्नावर कराचा मूळ दर शेंकडा 30 आहे. उपकर व अधिभार सोयीसाठीं बाजूला ठेवले, तर पहिल्या वर्षींच्या तीन लाखांच्या घसाऱ्यानें 90,000 रुपयांचा कर वाचतो. येथें एक गैरसमज फार आढळतो. घसारा म्हणजे सरकारनें दिलेले तीन लाख, असें कित्येक समजतात; तर दुसरे कित्येक तो नुसताच कागदी आंकडा म्हणून हिशेबांतून गाळतात. दोघेहि चुकतात. घसारा स्वतः रोख नाहीं, परंतु त्यामुळें न भरावा लागलेला कर हा मात्र रोखच आहे. पांच वर्षांत मिळून असे 3,34,000 रुपये वाचतात. उलट, मिळकतीच्या दर रुपयांतून तीस पैसे कराकडे जातात. तेव्हां आजच्या भावाचे 5,50,000 रुपये मालकाच्या दृष्टीनें 3,85,000 च होत.

आतां रुपयाची झीज. अजिंठ्याच्या परिसरांतील जुन्या माणसांना ही गोष्ट समजावून सांगावी लागली नसती. हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता आणि तेथें हाली शिक्का चालत असे. घाट उतरून खानदेशांत गेलें कीं इंग्रजी अंमल व कलदार रुपया. दोहोंनाहि रुपयाच म्हणत, पण सुमारें 7 हालीस 6 कलदार असा भाव होता. सिल्लोडच्या व्यापाऱ्यानें जळगांवास माल विकला तर आलेले कलदार आणि घरचे हाली एकाच रकान्यांत मांडून बेरीज करण्याचा वेडेपणा तो स्वप्नांतहि करीत नसे. हाली शिक्का 1950 नंतरच्या दशकांत चलनांतून गेला. परंतु आजचा रुपया आणि पांच वर्षांनंतरचा रुपया हीं तशींच दोन नाणीं आहेत, व त्यांची बेरीज मात्र आज चांगलीं शिकलेलीं माणसेंहि बिनदिक्कत करतात.

महागाई दरसाल शेंकडा 5 धरली, तर आज जी वस्तु शंभर रुपयांस मिळते तिला पांच वर्षांनीं सुमारें 127 रुपये 63 पैसे पडतील. जिनाची मजुरीहि त्याच मानानें वाढेल असें गृहीत धरल्यास पांचव्या वर्षीं मालकाच्या हातांत आजच्या साडेपांच लाखांऐवजीं सुमारें सात लाख येतील. ते सात लाख पाहून हुरळून जाण्याचें कारण नाहीं. त्यांनीं विकत मिळणारें सामान तेवढेंच.

याखेरीज वाट पाहण्याचें मोल आहे. हुंडी मुदतीपूर्वीं वटवावयाची असली कीं सावकार वटाव कापून घेतो, हें सर्वांस ठाऊक आहे. भविष्यकाळीं येणारा प्रत्येक पैसा ही अशीच एक हुंडी आहे आणि तिचें आजचें मोल काढतांना वटाव कापलाच पाहिजे. प्रश्न एवढाच कीं, किती? मालकाला महागाईच्या वर, म्हणजे वस्तूंच्या हिशेबांत, शेंकडा 8 सुटावे अशी अपेक्षा असेल, तर रुपयांच्या हिशेबांत त्याला 8 आणि 5 मिळून 13 नव्हेत, तर 13.4 सुटले पाहिजेत. कारण शंभराचे आधीं एकशें आठ होतात आणि मग त्या सबंध एकशें आठांवर महागाईचे पांच टक्के चढतात.

एवढी तयारी झाल्यावर यंत्राचें खरें मोल काढतां येतें. मिळकत महागाईबरोबर वाढते. म्हणून कर गेल्यावरचे आजच्या भावाचे 3,85,000 रुपये पांच वर्षें घेऊन त्यांवर शेंकडा 8 चा वटाव कापला, तर त्यांचें आजचें मोल सुमारें 15,37,000 रुपये होतें. घसाऱ्यामुळें वाचलेला कर मात्र ठरलेल्या रुपयांत वाचतो. तो महागाईबरोबर वाढत नाहीं. त्यामुळें त्याला 13.4 चा वटाव. नांवापुरते 3,34,000 असलेले ते रुपये आज 2,42,000 चेच ठरतात. विक्रीचे सहा लाख त्या वेळच्या रुपयांत सांगितलेले आहेत, म्हणून त्यांनाहि 13.4 चाच वटाव. ते आज 3,20,000 चे. तिन्ही मिळून 20,99,000. यंत्राचे वीस लाख गेले, उरले 99,000. विक्रीनंतर खात्यावर जो थोडा घसारा शिल्लक राहतो त्याचा लाभ अल्प असल्यामुळें तो येथें धरलेला नाहीं. पेरांवर मोजलेले साडेतेरा लाख कोठें आणि हे नव्व्याण्णव हजार कोठें! तरी हे नव्व्याण्णव हजार म्हणजे अपेक्षित शेंकडा आठांच्या वरचे आहेत, हें विसरूं नये. तेव्हां यंत्र घ्यावें, असेंच उत्तर येतें. फक्त तें छातीठोकपणें देण्याजोगें नाहीं.

हाली व कलदार यांची सरमिसळ केल्यास काय होतें, तेंहि याच आंकड्यांवरून दिसतें. बँकेचे व्याजदर नेहमी रुपयांच्या हिशेबांत, म्हणजे महागाई पोटांत घेऊन, सांगितलेले असतात. मालकानें मिळकत आजच्या भावानें साडेपांच लाखांवरच गोठवली आणि वटाव मात्र 13.4 चा कापला, तर मिळकतीचें मोल 13,41,000 वर येतें, एकूण बेरीज 19,03,000 होते, आणि यंत्र 97,000 रुपयांच्या नुकसानीचें दिसूं लागतें. तोच कापूस, तेंच यंत्र, तोच कर. पण उत्तर अगदीं उलट. दुसऱ्या बाजूची चूक याहूनहि गोड असते. मिळकत महागाईनें फुगवून घेतली आणि सगळ्यालाच वटाव आठाचा लावला, तर साडेचार लाखांचा फायदा दिसतो. यंत्र विकावयास येणाऱ्या दलालाच्या कागदावर ही दुसरी चूक बरेचदां आढळते. पहिली सहसा आढळत नाहीं, याचें नवल वाटावयास नको.

महागाईचा खरा दंश कोठें आहे, हें आतां उघड होतें. मजुरी वाढते, विजेचा दर वाढतो, जुन्या यंत्राची किंमतहि थोडीबहुत वाढते. वाढत नाहीं तो एकटा घसारा. तो ज्या वर्षीं यंत्र घेतलें त्या वर्षींच्या रुपयांत कायमचा बांधला जातो. महागाई मुळींच नसती, तर वर सांगितलेल्या करबचतीचें मोल 2,73,000 झालें असतें. महागाईनें तें 2,42,000 वर आणलें. हे 31,000 रुपये कोणत्याहि कायद्यानें न लावलेला कर होय. 1975 सालीं इंग्लंडांत सँडिलँड्स समितीनें याच कारणासाठीं हिशेब चालू किंमतींवर ठेवावे अशी शिफारस केली होती, आणि महागाईनें पोळलेल्या ब्राझिल देशांत 1995 पर्यंत जमाखर्चांतील आंकडे महागाईप्रमाणें सुधारून घेण्याची रीत कायद्यानेंच चालू होती. भारतांत घसाऱ्यापुरती अशी सोय नाहीं. त्याचा परिणाम यंत्र बदलण्याच्या वेळीं दिसतो. मालकानें सबंध वीस लाख बाजूला टाकून ठेवले असले तरी पांच वर्षांनंतर तसाच संच साडेपंचवीस लाखांस पडेल. जमाखर्चांत नफा दिसला, त्यावर कर भरला, भागीदारांनीं वांटून घेतला. आणि नवें यंत्र घ्यावयाच्या वेळीं पेटी अपुरी पडली, असे प्रकार याच कारणानें घडतात.

कर्जाच्या व्याजाविषयीं दोन शब्द सांगणें जरूर आहे. वटावाच्या दरांतच पैशाचें मोल धरलेलें असतें. म्हणून मिळकतींतून पुन्हा बँकेचें व्याज वजा केल्यास एकच खर्च दोनदां मोजला जातो. जुन्या यंत्राबाबतहि असाच मोह होतो. दहा वर्षांपूर्वीं तें कितीला घेतलें होतें, हा आंकडा निर्णयाच्या कामाचा नाहीं. आज मोडींत काय येईल आणि तें ठेवल्यास यापुढें काय मिळवील, एवढेंच पाहावयाचें. येथें दाखविलेले साडेपांच लाख हे नव्या यंत्रानें वाढवून दिलेले असले पाहिजेत. जुन्या यंत्रावर जे मिळतच होते ते नव्याच्या खात्यावर जमा धरतां येत नाहींत. कराच्या दृष्टीनें तर 1988-89 या करनिर्धारण वर्षापासून यंत्रें एकेकटीं न मोजतां सारख्या दराच्या वस्तूंचा एक गट मानतात. जुनें यंत्र विकलें तर त्याची किंमत त्या गटांतून वजा होते आणि पुढील घसारा तेवढा उतरतो.

या साऱ्या बारकाव्यांहून एक मोठी गोष्ट अजून बाहेरच आहे, ती म्हणजे पाऊस. मराठवाड्याचा कापूस बहुतांशीं पावसावर अवलंबून. 2012, 2014 आणि 2015 या वर्षीं या प्रदेशानें अवर्षण पाहिलें. शिवाय शेतकऱ्यानें मका किंवा मिरची लावावयाचें ठरविलें, आणि सिल्लोडकडे तीं पिकें चांगलीं रुजलेलीं आहेत, तरी जिनाकडे येणारा कापूस घटतो. पांचांपैकीं केवळ दुसऱ्या हंगामांत मिळकत निम्म्यावर आली, बाकीचीं चारहि वर्षें ठरल्याप्रमाणें गेलीं, असें धरून पाहिलें तर आजच्या मोलांतील 1,65,000 रुपये कमी होतात, आणि 99,000 च्या नफ्याचें 66,000 चें नुकसान होतें. घसारा, कर, महागाई यांचे आंकडे पैपर्यंत मांडावयाचे आणि कापूस दरसाल सारखाच येईल असें मानावयाचें, हा हिशेब नव्हे. समंजस मालक पांच चांगल्या वर्षांऐवजीं चार चांगलीं व एक वाईट असें धरून आरंभ करतो; मग नव्या यंत्राची किंमत घासाघीस करून उतरवितां येते का, संच लहान घेतां येतो का, शेजारच्या तालुक्यांतील कापूस मिळवितां येतो का, याचा विचार करतो. अठरा लाखांस सौदा झाला तर घसाऱ्याची सवलत थोडी घटूनहि एखाद्या वाईट हंगामाचा धक्का तो सौदा सहज सोसतो.

आणि सौदा ठरलाच तर तो केव्हां पुरा करावयाचा, यालाहि रुपयांत मोल आहे. यंत्र घेतलें त्या आर्थिक वर्षांत तें 180 दिवसांपेक्षां कमी वापरांत असलें, तर त्या वर्षीं घसारा निम्म्या दरानें, म्हणजे शेंकडा साडेसातानेंच मिळतो. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतें. मागें मोजीत गेल्यास यंत्र साधारणतः 3 ऑक्टोबरच्या आंत चालूं झालें पाहिजे. दसरा बहुतेक वर्षीं ऑक्टोबरांत येतो, आणि यंत्राची पूजा करून मुहूर्त साधावयाची चाल या भागांत आहे. विजयादशमीला नारळ फोडून चालूं केलेल्या यंत्रावर पहिल्या वर्षीं तीन लाखांऐवजीं दीड लाखच घसारा मिळतो. उरलेला पुढें मिळत राहतो, बुडत नाहीं. परंतु पांच वर्षांचा हिशेब केल्यास करबचतीचें आजचें मोल 2,42,000 वरून 2,17,000 वर येतें. 25,000 रुपये गेले, म्हणजे सगळ्या नफ्याचा चतुर्थांश. खानदेशांतील बागाइती कापूस लवकर लावलेला असल्यामुळें त्याची पहिली वेचणी दसऱ्याच्या आधींच येते. घाटाखालचा तो कापूस आणवून यंत्र सप्टेंबरांतच चालूं केलें, तर 180 दिवस भरतात, आणि दसऱ्याची पूजा चालत्या यंत्राचीहि करतां येते.